राखावे ते देण्यासाठी

संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात एक अगदी घरगुती निरोप आहे. आपली धाव संपत आली आहे याची जाणीव झालेला हा बंदिवान प्रेषित शिष्याला कळवतो की, येताना त्रोवस येथे कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकेही आण, आणि विशेषेकरून चर्मपत्रे आण. काही ओळींनंतर तो हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो. झगा कशासाठी हवा होता, ते त्यावरून उमगते. परंतु मरण दाराशी उभे असताना पुस्तके कशासाठी? ज्याने आपल्या पत्रांनी ख्रिस्तसभेला शिकवले, त्याची स्वतःची शिकण्याची ओढ अखेरपर्यंत संपली नव्हती, एवढेच याचे उत्तर देता येईल.

झगा कार्पाच्या स्वाधीन होता हे पत्र स्पष्ट सांगते. पुस्तकेही त्याच घरी असावीत, असे वाचताना सहज वाटते. हा कार्प कोण, काय करीत होता, हे आपल्याला ठाऊक नाही. नव्या करारात त्याचे नाव पुन्हा कोठेही येत नाही. त्याने पत्रे लिहिली असे कोणी म्हणत नाही, की प्रवचने केल्याची नोंद नाही. त्याच्याविषयी एकच गोष्ट कळते. दुसऱ्याची वस्तू त्याने राखली होती, आणि हवी तेव्हा ती मागून घेता येईल, असा भरवसा पौलाला त्याच्याविषयी वाटत होता.

आपल्या गावोगावच्या ग्रंथालयांत बसणारी माणसे या कार्पाच्या कुळातली आहेत. ग्रंथपाल ग्रंथ लिहीत नाही. तो वर्गात उभा राहून शिकवीत नाही. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत चढवायचे, त्याला क्रमांक द्यायचा, विषयाप्रमाणे मांडणीवर ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे, परत आले की पुन्हा जागेवर लावायचे. लेखकाला कीर्ती मिळते, शिक्षकाला विद्यार्थ्यांचा नमस्कार मिळतो. ज्याने केवळ राखले आणि हाती दिले, त्याच्या जीवनाला अर्थ कोणता? हा प्रश्न ग्रंथपालापुरताच मर्यादित नाही. आजीकडून आलेली प्रार्थना नातवंडांना शिकवणारी आई, मंदिरातील वस्त्रे व पात्रे सांभाळणारा सेवक, आणि आमच्यासारखे धर्मगुरूदेखील, आपण सारे दुसऱ्याचे राखून पुढे देणारेच आहोत. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

पाल आणि पाळ

मराठी भाषेनेच या प्रश्नाची एक वाट दाखवून ठेवली आहे. ‘ग्रंथपाल’ या शब्दातील ‘पाल’ आणि ‘मेंढपाळ’ या शब्दातील ‘पाळ’ एकाच धातूपासून आले आहेत. पाळणे म्हणजे राखणे, आणि पाळणे म्हणजे वाढवणेही. मेंढपाळ रात्री मेंढरे वाड्यात घालतो, दाराशी जागा राहतो. परंतु सकाळ झाली की तो त्यांना बाहेर काढतो. दार कायमचे लावून घेणारा मेंढपाळ कळपाचे रक्षण करीत नाही, तो कळपाला उपाशी मारतो. संत योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळाच्या दृष्टान्तात मेंढरे आत येतात तशीच बाहेर जातात आणि त्यांना चारा मिळतो. आत आणि बाहेर ही दोन्ही टोके सांभाळणे म्हणजे पालन होय. ग्रंथपालाचे काम असेच दोन टोकांचे आहे, आणि त्यातील नैतिक पेच तेथेच आहे.

तो पेच संत अगस्तीनच्या एका विचाराच्या प्रकाशात नीट दिसतो. ख्रिस्ती शिकवणुकीविषयीचा एक ग्रंथ त्यांनी इ.स. ३९६च्या सुमारास लिहायला घेतला आणि तब्बल तीस वर्षांनी, ४२६च्या सुमारास, पुरा केला. त्याच्या आरंभी ते असे सुचवतात की, जी वस्तू दिल्याने उणी होत नाही ती आपण कोणाला न देता नुसती बाळगली, तर ती जशी बाळगायला हवी तशी आपण बाळगलेली नसते. याला ते दाखला देतात तो पाच भाकरींचा. भाकरी शिष्यांच्या हातात होत्या तोवर पाचच होत्या. वाटायला घेतल्यावर हजारो लोक जेवले आणि टोपल्या उरल्या. आपल्याकडील जुन्या सुभाषितांतही विद्येला खर्चाने वाढणारे धन म्हटले आहे. हिप्पोचा बिशप आणि संस्कृत सुभाषितकार एकमेकांना ओळखत नव्हते. तरी दोघांनी पाहिलेले सत्य एकच आहे.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. ज्ञान दिल्याने उणे होत नाही हे खरे. पुस्तक मात्र होते. ते फाटते, भिजते, वाळवी त्याला खाते. कोणी ते घेऊन जातो आणि परत आणीत नाही. शिक्षकाने धडा शिकवला तर धडा त्याच्यापाशी शिल्लक राहतो. ग्रंथपालाने पुस्तक दिले की मांडणीवर रिकामी जागा दिसते. न झिजणारी गोष्ट त्याला झिजणाऱ्या वस्तूच्या द्वारे द्यायची असते. देताना हात आखडला तर ज्ञान कोंडते. राखताना हात सैल पडला तर उद्याच्या वाचकाचा वाटा आजच संपतो. या दोहोंच्या मधोमध उभे राहणे, हाच ग्रंथपालाचा धर्म.

राखणाऱ्यांचे ऋण

राखणे हे देण्यापेक्षा हलके काम आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आपल्याच ‘ख्रिस्तपुराणा’चा इतिहास आठवावा. फादर थॉमस स्टीफन्स हे १५४९मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९मध्ये गोव्यात आले, येथल्या भाषा शिकले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण त्यांनी रचले. ते १६१६मध्ये राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. १६१९मध्ये फादर स्टीफन्स निवर्तले. पुढे १६४९ आणि १६५४मध्ये पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही.

मग पुराण आपल्यापर्यंत पोहोचले कसे? ते पोहोचले हस्तलिखितांतून. १६८४मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. सत्तेची मर्जी अशी फिरलेली असतानाही भाविकांनी हे पुराण टाकले नाही. कानडा मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते आपल्याबरोबर नेले, उतरून घेतले, उपवासकाळात गायिले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीतील एक हस्तलिखित विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या संग्रहातून लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत जाऊन पडले होते; विसाव्या शतकात अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले. १९५६मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी पुराणाची देवनागरी आवृत्ती काढली, आणि १९९६मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली.

संपादकांची नावे आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. परंतु दिव्याच्या उजेडात ओवीमागून ओवी उतरवून घेणाऱ्या, वाळवीपासून ती पाने वाचवणाऱ्या, घर बदलताना ती पेटीत आठवणीने ठेवणाऱ्या बहुतेकांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. त्यांच्यातले सर्वच विद्वान नसतील. आपण राखतो आहोत त्याची वाङ्मयीन थोरवी त्यांच्यातील अनेकांना सांगताही आली नसती. ते आपल्यासाठी राखीत होते, आणि आपण तर त्या वेळी जन्मलोही नव्हतो. ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, अशा माणसासाठी काही जपून ठेवणे हे प्रेमाचे अतिशय शुद्ध रूप आहे. कारण त्यात परतफेडीची शक्यताच उरलेली नसते.

साखळी आणि कुलूप

मात्र राखण्याला एक रोग लागू शकतो. राखता राखता राखणदाराला वस्तू स्वतःची वाटू लागते.

मध्ययुगीन युरोपातील अनेक ग्रंथालयांत पुस्तके लोखंडी साखळ्यांनी मेजांना जखडलेली असत. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये असे साखळदंडांतले ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. आपल्याला हे दृश्य विचित्र वाटते. पण मुळात ती साखळी क्रूरपणाची नव्हती. एक ग्रंथ हाताने लिहून काढायला महिनोन्महिने लागत. तो एकाने उचलून नेला तर बाकीचे सारे वंचित होत. साखळी होती ती ग्रंथ सर्वांना मिळावा म्हणून. पुढे मुद्रणकला आली, पुस्तके स्वस्त झाली, तरी साखळ्या लगेच सुटल्या नाहीत. कारण संपले आणि सवय राहिली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यांतील पहिला; तो समजावताना त्यांनी याच साखळ्यांचे उदाहरण घेतले आहे. जी गोष्ट प्रत्येकाला सहज कळावी ती सिद्धान्त म्हणून सांगावी लागली, यावरून राखणदाराचा रोग किती जुना आहे ते कळते.

हा रोग आपल्या ख्रिस्तसभेलाही झाला होता, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत १५५९मध्ये निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली, आणि ती निरनिराळ्या स्वरूपांत चार शतके टिकली. गॅलिलिओचा विश्वरचनेविषयीचा ग्रंथ त्या सूचीतून वगळलेला दिसतो तो थेट १८३५च्या आवृत्तीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६मध्ये, त्या सूचीला कायद्याचे बळ राहिलेले नाही असे जाहीर करण्यात आले. सूची करणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. कळपाने विषारी पाला खाऊ नये ही मेंढपाळाची चिंता त्यामागे होती. परंतु मेंढरू आणि माणूस यांत भेद आहे. माणसाला ईश्वराने सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, आणि जी बुद्धी कधी वापरूच दिली जात नाही ती बळकट होत नाही. सर्व पारखून पाहावे आणि चांगले ते धरून ठेवावे, असा उपदेश संत पौलानेच थेस्सलनीका येथील बंधुभगिनींना केला आहे. पारखायचे तर आधी हाती यावे लागते.

काही वाचक येथे प्रेषितांच्या कृत्यांतील इफिस शहराचा प्रसंग पुढे करतील. तेथे नव्याने विश्वास ठेवलेल्या लोकांनी जादूटोण्याची पन्नास हजार रौप्य मुद्रा किमतीची पुस्तके जाळली, हे खरे. पण तो प्रसंग नीट वाचावा. त्यांनी स्वतःची पुस्तके स्वतःच्या निर्णयाने जाळली. शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याची जाळली नाहीत. मनःपरिवर्तन आणि बंदी यांत नेमका हाच फरक आहे.

याचा अर्थ ग्रंथपालाने सर्वांना सर्व काही सरसकट द्यावे, असा नव्हे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काय पडावे याचा विचार शहाणी आई करते, तसाच शहाणा ग्रंथपालही करतो. परंतु चांगला ग्रंथपाल कुलपावर कमी आणि पर्यायावर अधिक विसंबतो. तो वाईट पुस्तकाची निंदा करीत बसत नाही; चांगले पुस्तक मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवतो. कुलूप मुलाच्या मनात कुतूहल निर्माण करते. चांगले पुस्तक त्याच्या ठायी अभिरुची निर्माण करते, आणि अभिरुची जन्मभर पुरते.

अर्थ कोठे सापडतो?

डॉ. रंगनाथन यांचा उल्लेख वर आला आहे. त्यांच्या जीवनातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि शिकवण्यात रमणारे होते. १९२४मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि काही दिवसांतच कंटाळून गेले. समोर विद्यार्थी नाहीत, प्रश्न विचारणारे डोळे नाहीत, नुसती पुस्तकांची शांतता! आपल्याला परत शिकवायला घ्या, अशी विनवणी घेऊन ते आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सांगितले की, ठरल्याप्रमाणे आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचा अभ्यास करा. परतल्यावरही मन रमले नाही तर पाहू. रंगनाथन गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांनी मुले, कामकरी माणसे, स्त्रिया पुस्तके घेऊन जाताना पाहिली. समाजातील प्रत्येक थरातील माणसापर्यंत पुस्तक पोहोचू शकते, हे त्यांना तेथे दिसले. परतल्यावर शिकवण्याच्या नोकरीकडे ते वळले नाहीत. दोन दशके त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सेवा केली.

काम तेच होते, पुस्तके तीच होती. बदलले ते एवढेच की, पुस्तकांच्या पलीकडे उभा असलेला माणूस त्यांना दिसू लागला. त्यांचे पुढचे दोन सिद्धान्त याच दर्शनातून आले आहेत. प्रत्येक वाचकासाठी कोठेतरी त्याचे पुस्तक असते, आणि प्रत्येक पुस्तकासाठी कोठेतरी त्याचा वाचक असतो. ग्रंथपालाने या दोघांची गाठ घालून द्यायची. एखादे पुस्तक वीस वर्षे कोणी मागितले नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. त्याचा वाचक अद्याप दारातून आलेला नाही, एवढेच. माणसांविषयीही असा धीर धरता आला तर आपली कुटुंबे किती सुखी होतील!

ख्रिस्तसभेच्या परंपरेत ग्रंथपालांचे आश्रयदाते म्हणून संत लॉरेन्स यांना मान आहे. रोमच्या ख्रिस्तसभेचे हे डीकन इ.स. २५८मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या छळात हुतात्मा झाले. ख्रिस्तसभेची संपत्ती आणि दप्तर त्यांच्या ताब्यात होते, असे परंपरा सांगते. अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचा खजिना हजर करण्यास फर्मावले, तेव्हा लॉरेन्स यांनी जे होते ते गरिबांत वाटून टाकले, आणि आंधळे, पांगळे, निराधार यांना पुढे उभे करून ख्रिस्तसभेचा खजिना तो हाच, असे सांगितले, अशी कथा आहे. ग्रंथपालांनी या संताला आपला मानावे यात मोठे औचित्य आहे. ग्रंथालयाचा खजिना कोणता, असे विचारले तर आपण कपाटांकडे बोट दाखवू. लॉरेन्स वाचकांकडे बोट दाखवतील. या संताचा सण १० ऑगस्टला येतो, आणि रंगनाथन यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन पाळला जातो. दोहोंमध्ये अवघ्या दोन दिवसांचे अंतर आहे.

तरीही एक गोष्ट ग्रंथपालाला मिळत नाही. दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते त्याला क्वचितच कळते. कोण्या मुलीने नेलेल्या चरित्राने तिच्या जीवनाला वळण दिले असेल. कोण्या दुःखी माणसाने नेलेल्या कादंबरीने त्याला ती एक रात्र तरून जाण्यास मदत केली असेल. परत आलेल्या पुस्तकावर तारखेचा शिक्का असतो, परिणामाचा नसतो. शिवाय कोणी काय वाचायला नेले, हे चांगला ग्रंथपाल चारचौघांत बोलत नाही. आजाराविषयीचे, मोडलेल्या संसाराविषयीचे, श्रद्धेविषयीच्या शंकांचे पुस्तक नेणाऱ्याने त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो. पापनिवेदनाचे गुपित हा संस्काराचा विषय आहे आणि त्याच्याशी याची बरोबरी होत नाही. परंतु माणसाच्या अंतरंगाचा आदर दोन्हीकडे आहे. फळ न पाहता पेरणे आणि पाहिलेले न बोलणे, या दोन व्रतांमुळे हे साधे काम सेवाव्रत होते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कामाला असा अर्थ आहे, म्हणून कामाचे दाम कमी द्यावे, हा निष्कर्ष खोटा आहे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळू लागले. तरी लहान गावांतील ग्रंथालय सेवकांचे वेतन तुटपुंजेच राहिले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१च्या आपल्या परिपत्रकात कामकऱ्याला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे असे बजावले. ते वेतन पुस्तकांमध्ये काम करणाऱ्यालाही लागू आहे. सेवाभावाचे कौतुक करून पगार बुडवणे ही धार्मिकता नव्हे.

प्रत्येकाच्या खिशात ग्रंथालय

आता कोणी म्हणेल, फादर, हे सारे जुन्या काळचे झाले. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल फोन आहे. प्रश्न विचारताच यंत्र क्षणात उत्तर लिहून देते. ग्रंथपालाची गरज कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर मला प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात सापडते. इथिओपियाच्या राणीचा एक मोठा अधिकारी यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत आहे. पुस्तक त्याच्या हातात आहे. त्याला वाचता येते, त्याच्याजवळ पैसा आहे, वेळही आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेली आहे. फिलिप धावत रथापाशी जातो आणि विचारतो, जे वाचता ते समजते का? त्यावर तो अधिकारी प्रांजळपणे म्हणतो की, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजावे? आणि तो फिलिपला आपल्या शेजारी बसवून घेतो.

माहिती आणि ज्ञान यांतील अंतर या प्रसंगात दिसते. हाताशी असणे वेगळे आणि आपले होणे वेगळे. यंत्र उत्तर देते, परंतु त्या उत्तराची जबाबदारी घेऊन ते आपल्या शेजारी बसत नाही. कुटुंबाच्या मोबाइल गटावर रोज सकाळी येणारे औषधांचे नुस्खे, इतिहासाचे दाखले, एवढेच काय, पोपमहोदयांच्या नावाने फिरणारी वाक्येसुद्धा, हे कोणी लिहिले, कधी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, हे न विचारता आपण पुढे पाठवतो. पुढे पाठवणे म्हणजे ज्ञानदान नव्हे. नीट न पारखलेले देणे हाही एक प्रकारचा हात सैल सोडणेच आहे. ग्रंथपालाची शिस्त आज प्रत्येकाला हवी आहे ती याच कारणासाठी. देण्यापूर्वी आपण काय देत आहोत ते पाहावे, कोणाला देत आहोत ते पाहावे, आणि आपल्याला ठाऊक नसेल तर तसे सांगून ठाऊक असणाऱ्याकडे पाठवावे. ‘मला माहीत नाही, पण कोठे मिळेल ते पाहू या,’ हे ग्रंथपालाचे सर्वांत मोलाचे वाक्य आहे, आणि त्यातील शेवटचे दोन शब्द कोणतेही यंत्र खऱ्या अर्थाने उच्चारू शकत नाही.

त्या प्रसंगाचा शेवटही लक्षात घेण्यासारखा आहे. बाप्तिस्मा झाल्यावर परमेश्वराचा आत्मा फिलिपला तेथून घेऊन जातो. अधिकाऱ्याला तो पुन्हा दिसत नाही. तरी तो आनंद करीत आपल्या वाटेने जातो. मार्गदर्शक दिसेनासा झाला म्हणून आनंद उणावला नाही. ज्ञान देणाऱ्याने स्वतःला अपरिहार्य करून ठेवायचे नसते. वाचक आपल्या पायांनी पुढे निघाला, यातच देणाऱ्याच्या कामाची पूर्तता आहे.

आपल्या दारी

अखेरीस आपल्या धर्मग्रामांविषयी दोन शब्द. अनेक धर्मग्रामांच्या सभागृहात काचेच्या दारांचे एक कपाट असते. त्यात बायबलवरील पुस्तके, संतचरित्रे, जुनी गीतपुस्तके, नियतकालिकांचे बांधीव खंड आणि मंदिराच्या शतकमहोत्सवी स्मरणिका असतात. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ते कपाट रविवारच्या मिस्सानंतर तासभर उघडे ठेवायला फार पैसा लागत नाही. एक नोंदवही, दोन तरुण आणि थोडे सातत्य पुरे आहे. चार पुस्तके हरवतील. हरवू द्यावीत. कुलपाआड वाळवीने खाल्लेली पुस्तकेही हरवलेलीच असतात, फक्त त्यांची नोंद होत नाही.

आणि आणखी एक ग्रंथालय आपल्या घराघरांत आहे, त्याची तर सूचीही कोणी केलेली नाही. वसईतल्या आपल्या वृद्ध माता-पित्यांना सामवेदी बोलीतील लग्नाची गाणी पाठ आहेत, शेतीवाडीचे शब्द, नात्यांचे धागे, जुन्या प्रार्थना ठाऊक आहेत. ते सारे त्यांच्या स्मरणात आहे आणि कागदावर फार थोडे उतरले आहे. ख्रिस्तपुराण वाचले, कारण कोणीतरी बसून उतरून घेतले. हे काम आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींना सहज करता येईल. आजीजवळ बसावे, ऐकावे, लिहावे, तिचे नाव व तारीख त्याखाली घालावी, आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कपाटात ठेवावी.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वर्गराज्याचा शिष्य झालेल्या शास्त्र्याला एका घरधन्याची उपमा देतो. तो आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढतो. भांडार भरलेले असावे, हे त्या उपमेत गृहीतच आहे. प्रभूने त्या घरधन्याचे कौतुक केले ते बाहेर काढण्याबद्दल. येत्या रविवारी आपल्या सभागृहातील त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी विचारून पाहावे.